आधी सा, मग पाणी

हुमनाबादेला बदली झाली आणि खोली शोधत हिंडताना मी ज्या दारात जाऊन उभा राहिलो, तिथं व्हरांड्यात एक म्हातारा पेटी पुसत बसला होता. पेटी म्हणजे वाजवायची पेटी. अंगात बनियन, खाली पांढरी लुंगी, नाकावर चष्मा आणि चष्म्याला दोरा. मी म्हणालो, "खोली रिकामी आहे म्हणून कळलं." त्यांनी वर न बघताच भात्याला हात घातला, एक पट्टी दाबली आणि म्हणाले, "सा लाव."

"अहो, मी बँकेत आहे. गाणं शिकायला नाही आलो, खोली बघायला आलोय."

"मंग? बँकवाल्याला नरडं नसतंय का? डिपॉझिटचं अक्का बघती. मी सा बघतो. लाव."

सकाळपासून दारोदार फिरून पायाचे तुकडे पडले होते. म्हटलं, चला, एवढ्यानं खोली मिळत असेल तर लावू सा. डोळे मिटून लावला. घशातून जे काही निघालं त्याला आमच्या उदगीरकडं आवाज म्हणत नाहीत, ढेकर म्हणतात. म्हातारा मात्र मन लावून ऐकत होता. त्याची बोटं पेटीवर खाली-वर सरकत राहिली आणि एका जागी थांबली.

"काळी एक," ते म्हणाले. "कोपऱ्यातली खोली घे. वारं चांगलं येतंय."

ज्यांचा पेटीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्याचा त्याचा आवाज ज्या स्वरात सुखानं बसतो ती त्याची पट्टी, आणि तिला पेटीवरच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवरून नाव. माझी निघाली काळी एक. त्या दिवसापासून त्या घरात मला दुसरं नाव उरलं नाही. बँकेत मी साहेब, उदगीरला बाळू, आणि अप्पांच्या घरात काळी एक. दूधवाला सुद्धा दारात येऊन ओरडायचा, "ओ काळी एक, पातेलं आना!"

सगळे त्यांना अप्पा म्हणत. पाटबंधारे खात्यात कालव्याच्या पाण्याची मोजणी करण्यात नोकरी घालवून ते रिटायर झाले आणि हुमनाबादेत त्यांनी हे घर बांधलं. मधे अंगण, भोवती भाड्याच्या खोल्या. माझ्या बाजूला सरकारी दवाखान्यातली नर्सबाई, ती काळी चार. ती कलबुर्गीकडची, मराठी बोलायची पण कन्नडच्या चालीवर. पलीकडं उर्दू शाळेतले मास्तर, पांढरी चार. आणि समोर नोंदणी कार्यालयातला एक कारकून, पांढरी दोन. आणखी दोघंतिघं येऊन जाऊन असत. ही अप्पांची गायन पार्टी. लोक भाडेकरू बघून घेतात, अप्पांनी भाडेकरू ऐकून घेतले होते.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा रसिक होता, चांगला होता, मग तक्रार काय? राहून बघा म्हणजे कळेल. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व अप्पांच्या ताब्यात होता. कालव्यावर जन्म गेलेला माणूस. पाणी पाळीनंच सोडायचं असतं हे त्यांच्या हाडात मुरलेलं. सकाळी सगळ्यांनी आपापल्या दारात उभं राहून सा लावायचा, अप्पांनी व्हरांड्यातून तो तपासायचा आणि मगच व्हॉल्व फिरायचा. आधी सा, मग पाणी. तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल, अशा अवस्थेत आम्ही स्वर लावत उभे असायचो. कुणाचा हलला की अप्पा व्हॉल्ववरचा हात काढून घ्यायचे.

"काळी एक, सा लावायलास का कुणाला हाक मारायलास?"

"अप्पा, बँकेला उशीर होतोय हो!"

"मंग नीट लाव. मी कुठं अडवलंय?"

एकदा पांढरी दोननं तोंडाला साबण लावून ठेवला होता आणि त्याचा सा काही केल्या बसेना. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा सा लावून दिला तेव्हा पाणी आलं आणि त्याचे डोळे उघडले. रजेवर गेलं तरी सुटका नव्हती. 'रियाज' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता आणि गावाकडून सा रेकॉर्ड करून टाकावा लागे. काळी चार तर वॉर्डातून टाकायची. एकदा तिच्या सा-च्या मागं एका पेशंटचं कण्हणं पण रेकॉर्ड झालं. अप्पांनी ते दोनदा ऐकलं आणि विचारलं, "त्यो कण्हणारा कोण? पांढरी तीन हाय. सुट्टी कदी हाय त्याला? खोली पायजे का विचार."

ही सगळी तयारी बुद्धपौर्णिमेची. बौद्धांच्या वस्त्यांत त्या दिवशी गाण्याचे कार्यक्रम होतात. ह्या गावची पार्टी त्या गावाला जाते, त्या गावची ह्या गावाला येते. अप्पांची पार्टी हळ्ळीखेडला गेली होती, जनवाड्याला गेली होती. बोलावणं एकाही गावाहून दुसऱ्यांदा आल्याचं मात्र मला आठवत नाही. त्याला कारण अप्पांची संगीतविषयक मतं.

अप्पांचं म्हणणं असं, की एकाच्या पट्टीत दुसऱ्याला कोंबायचं नाही. जगात सगळीकडं पाच माणसं गाणार असतील तर एक पट्टी ठरवतात आणि पाचही जण तिच्यात गातात. अप्पांना हे मंजूर नव्हतं. "कामून? त्याच्या गळ्याला जमतंय म्हणून माझ्या गळ्यानं का मरावं?" म्हणून आमच्या पार्टीत ओळ आधी मी माझ्या पट्टीत म्हणायची, मग अप्पांनी पेटीवर हात सरकवायचा, मग काळी चारनं तीच ओळ तिच्या पट्टीत, मग परत हात सरकवायचा, मग मास्तर, मग कारकून. एक गाणं संपेपर्यंत श्रोत्यांचा चहा होऊन यायचा. आणि शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून, एकदम, आपापल्या पट्टीत!

ते कसं ऐकू यायचं हे मी लिहून सांगू शकत नाही. बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर उभे राहा आणि अंदाज करा. एकदा बिदरहून एक संगीत विशारद पाहुणे आले होते. शेवटची ओळ सुरू झाली तसे ते आधी हसले, मग गंभीर झाले, मग त्यांनी चपला शोधल्या. जाताना म्हणाले, "अप्पासाहेब, ह्याला संगीत म्हणत नाहीत." अप्पा डोळे मिटून अजून त्या ओळीतच होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की विशारदांनी पुढचं बोलायचं टाळलं.

गाणं अप्पांनीच रचलेलं. मुखडा मराठीत, एक अंतरा कन्नडमध्ये, एक उर्दूत, म्हणजे सीमाभागातला कुणी रागवायला नको. मुखडा असा:

उन्हाला न्हाई कुंपण, चांदण्याला न्हाई दार,
ये गड्या, बस जरा, एवढा मोठा पार.

पार म्हणजे अप्पांनी जगाला वगैरे म्हटलं असेल असं मी समजत होतो. शाळेत कवितेचा अर्थ लिहायची सवय. तो पार खरा होता, दगडामातीचा होता, त्याच्यावर पिंपळ होता, हे मला फार उशिरा कळलं.

ते कळायच्या आधीची एक गोष्ट. माझ्या दुसऱ्या बाजूची खोली रिकामी झाली आणि एक साहेब बघायला आले. इंजिनियर होते. अप्पांनी पेटी ओढली. साहेबांनी सा लावला आणि आम्ही दारादारांतून बाहेर आलो. काय आवाज हो! गोड, भरलेला, एका जागी उभा राहिलेला. त्यांनी वर एक भजन पण म्हटलं. मास्तर "वाहवा" म्हणाले. मला वाटलं, सुटलो, आता आपल्यावरची नजर ह्या माणसावर जाईल. साहेबांनी खोली बघितली, नळ फिरवून बघितला आणि जाता जाता सहज अप्पांच्या कानाशी लागून विचारलं, "बाकी, आजूबाजूला राहायला लोक कसले आहेत? म्हणजे... आपल्यातलेच ना?"

अप्पांनी पेटी बंद केली. "खोली न्हाई मिळायची."

"का हो? आवाज आवडला नाही?"

"आवाज चांगला हाय," अप्पा म्हणाले. "पट्टी बसंना."

माझ्या कोंबड्यासारख्या आवाजाची पट्टी बसते आणि त्या गंधर्वाची बसत नाही, हे मला पटेना. संध्याकाळी अक्का ज्वारी पाखडत बसल्या होत्या, त्यांना विचारलं. अक्का म्हणजे अप्पांच्या मंडळी. गायन पार्टीत ढोलकी त्या वाजवायच्या. बारीक अंगाची बाई, पण थाप अशी की अंगणातलं कुत्रं उठून बसायचं. नवऱ्यावर राग असला की ठेका मुद्दाम संथ लावायच्या; अप्पा पेटीवर तडफडत बसायचे.

"तुला खोली घेताना ह्यांनी आडनाव विचारलं का रे?" अक्कांनी मलाच विचारलं.

मी आठवून बघितलं. खरंच नव्हतं विचारलं. त्या दिवशी ज्या ज्या दारात गेलो होतो, तिथं गाव कोणतं, आडनाव काय, मटण-मच्छी खाता का, ह्या तीन प्रश्नांनंतर भाड्याची गोष्ट निघाली होती. इथं फक्त सा.

"ह्यांची नोकरी बदलीची," अक्का सांगायला लागल्या. "जिथं जावं तिथं खोली बघावी. घरवाली हसून बोलायची, चहा टाकते म्हणायची. मंग मालक यायचा. आडनाव काय म्हणायचा. ह्यांनी सांगितलं की, अरेरे, ती खोली तर पाव्हण्याला दिली की कालच! चहा बी चुलीवरच ऱ्हायचा. एकदा तर सामान घेऊन कालव्याच्या गोदामात राहिलो, सिमिटाच्या पोत्यांत. थोरली तिथंच रांगायला शिकली. तवाच ह्यांनी ठरवलं, आपलं घर झालं की भाडेकरूला आडनाव विचारायचं न्हाई."

"मग सा कुठून आला?"

"आता काहीतरी विचारावं लागतंयच की रे! मालक म्हणून बसल्यावर नुसतं या-बसा कसं म्हणावं?" अक्कांनी सूप आपटलं. "पेटी शिकलेच होते. मंग सा विचारायला लागले. आधार कार्डाची झेरॉक्स घ्यावी लागती, ती मी घेते. हे बघत न्हाईत. मी पण चष्मा लावत न्हाई."

म्हणजे त्या सा-च्या परीक्षेत कुणी नापास होतच नव्हतं. अप्पा नेहमी म्हणत, "आवाज सगळ्याला असतोय. पट्टी सापडलेली नसती." मला ते संगीताबद्दल वाटायचं.

आणि पाराचं पण त्याच दिवशी कळलं. अप्पांचं गाव मुडबीच्या बाजूला. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, आमचंच कामून घेतलं, शेजारच्यांचं घ्या की, ते काय धुतल्या तांदळाचे हायत का. तर त्या गावाच्या मधोमध पिंपळाचा पार आहे. तिथं भजनं व्हायची. अप्पा लहान असताना त्यांच्या वस्तीतल्या लोकांनी ती रस्त्याच्या पलीकडं, लिंबाच्या झाडाखाली उभं राहून ऐकायची. अप्पांच्या मनात एकच होतं. त्या पारावर एकदा बुद्धपौर्णिमेला आपल्या घरातल्या माणसांचं गाणं व्हावं, तेवढं झालं की सुटलो. घरातली माणसं म्हणजे आम्ही.

त्यासाठी ते दर साली गावाला जायचे. पाराचा कारभार देवस्थान कमिटीकडं. कमिटीचे अध्यक्ष फार गोड माणूस. मी एकदा अप्पांबरोबर गेलो होतो. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, कागदी कपात चहा दिला. अप्पांनी कप हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "आता सगळ्यालाच कागदी कप का?" अध्यक्ष अभिमानानं म्हणाले, "सगळ्याला! आपल्याकडं आता काई भेदभाव ऱ्हायला न्हाई." मग पाराचा विषय निघाला. पाराला फरशी बसवायची आहे. पुढच्या साली फरशी बसली होती, पण ती नवी होती. त्याच्या पुढच्या साली पिंपळाची फांदी धोक्याची होती. "कार्यक्रम कराच तुमी अप्पा, आमचा पाठिंबा हाय. पण वस्तीतच करा की! तिथं जागा किती मोठी हाय. इथं पारावर तुमाला अडचण हुईल." आमच्या अडचणीची त्यांना फार काळजी होती.

मग एका साली गंमत झाली. तालुक्याला नवीन मोठे अधिकारी आले आणि त्यांना सलोख्याचे कार्यक्रम पाहिजे होते, फोटोसकट. अध्यक्षांचा स्वतःहून फोन आला. "अप्पा, ह्या पौर्णिमेला पार तुमचा!"

अप्पांनी फोन ठेवला आणि तडक जाऊन व्हॉल्व पूर्ण उघडला. टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहिलं. सा कुणी लावलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आमचे हाल सुरू झाले. लोणचं बंद, दही बंद, बर्फ बंद. ऐन वैशाखात कुलर बंद, का, तर त्याची घरघर काळी दोनमध्ये होती आणि आम्हाला बिघडवत होती. अप्पा आमचे डबे उघडून बघायचे. मास्तरांच्या डब्यात कैरी सापडली तेव्हा अप्पांनी ती हातात धरून असा चेहरा केला, की मास्तरांनी हात जोडले. "अप्पा, माफी चाहता हूं, बेगमनं टाकली, मला खबर नाही!" कालव्यावरची मोजपट्टी घेऊन अप्पांनी अंगणात खडूनं आमच्या उभं राहायच्या जागा आखल्या. मला घाम पुसायला हात उचलायची परवानगी नव्हती. उन्हानं ढोलकीचं कातडं ताणलं जायचं, आणि अक्का म्हणायच्या, "ढोलकी फुटायच्या आधी ही माणसं फुटतील. सोडा त्यांना."

फुटलं ते आमच्यातलं एक माणूस. पांढरी दोन, आमचा कारकून. कार्यक्रम कुठल्या गावाला आहे हे त्याला जसं कळलं तसा तो गप्प झाला. ते गाव त्याची सासुरवाडी. निघायच्या सकाळी त्यानं गळ्याला मफलर गुंडाळला आणि खुणेनंच सांगितलं, घसा बसला. अप्पांनी त्याला मध दिला, ओवा दिला, विश्रांती घे म्हणाले. आम्ही टेम्पोत बसत होतो तेवढ्यात दूधवाला पातेल्यात पाणी ओतताना पकडला गेला आणि आतून पांढरी दोनचा असा खणखणीत आवाज आला, की सगळी गल्ली बाहेर आली. "अरे, दूध घालायलास का पाणी!"

अप्पांनी नुसतं ऐकलं. "पांढरी दोन न्हाई ती," ते म्हणाले. "चुकलं माझं. पांढरी तीन होती." आणि टेम्पोत चढले. मला त्या कारकुनाचा इतका राग आला, की उतरून त्याचा मफलर आवळावा वाटलं. अक्कांनी माझा शर्ट धरून खाली बसवलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पारावर मांडव, पताका, भोंगे, समोर खुर्च्यांच्या रांगा. पुढच्या रांगेत अधिकारी, मागं गाव. मधल्या आणि मागच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. आणि रस्त्याच्या पलीकडं, लिंबाखाली, वस्तीतली माणसं उभी होती. बायका पोरं कडेवर घेऊन, म्हातारे काठीवर टेकून. त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. कुणी या असंही म्हटलं नव्हतं.

आम्ही पारावर चढलो. अप्पांनी चढताना फरशीला हात लावला आणि तो हात लुंगीला पुसला. लुंगी त्या दिवशी नवी, कडक होती. पेटीमागं बसले. अक्कांनी ढोलकी मांडीवर घेतली. अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि सलोख्यावर भाषण केलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग ते म्हणाले, "आता कलाकारांचा परिचय आन् शाल देऊन सत्कार! अप्पा, सांगा एकेकाचं."

अप्पा उभे राहिले. माझ्याकडं हात केला. "हे काळी एक." नर्सबाईकडं. "ह्या काळी चार." मास्तरांकडं. "हे पांढरी चार."

खुर्च्यांतून हसू उठलं. अध्यक्ष पण हसले. "अप्पा, पट्टी न्हाई विचारली. नाव, आडनाव, गाव सांगा. शाल कुणाच्या अंगावर घालायलो ते आमाला कळाय पायजे का न्हाई?"

"मला म्हाईत न्हाई," अप्पा म्हणाले.

"अहो, तुमच्या घरात ऱ्हायलेत न्हवं?"

"व्हय. पण कदी विचारलं न्हाई."

हसू थांबलं. अध्यक्षांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. पण लोकांपुढं रागवायचं कसं, आणि तेही सलोख्याच्या कार्यक्रमात? ते तसेच गोड हसत माझ्याकडं आले आणि माईक माझ्या तोंडासमोर धरला. "मंग साहेब, तुमीच सांगा. आडनाव काय आपलं?"

आता खरं सांगतो. माझं आडनाव त्या भागात चालणारं आहे. उच्चारलं असतं तर अध्यक्षांनी शाल दोन्ही हातांनी घातली असती, वर आपल्याच सोयऱ्याधायऱ्यातले म्हणून जेवायला घरी नेलं असतं. पुढच्या दोन रांगांतले चेहरे तेच ऐकायला पुढं झुकले होते. माझ्या मागोमाग काळी चारला सांगावं लागलं असतं, मास्तरांना सांगावं लागलं असतं, आणि कोण कुणाचा हे सगळ्या गावानं तिथल्या तिथं मोजून घेतलं असतं. मी अप्पांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघतच नव्हते. खाली बसून पेटीच्या पट्ट्यांकडं बघत होते, एक हात भात्यावर. कुठल्या तरी घराच्या दारात बायको-पोरीला घेऊन मालकापुढं उभा राहिलेला माणूस असाच खाली बघत असणार.

"काळी एक," मी माईकमध्ये म्हणालो.

आपणच चुकीचं ऐकलं असं अध्यक्षांना वाटलं असावं. त्यांनी माईक नर्सबाईपुढं धरला. "काळी चार," नर्सबाई म्हणाली, कन्नडच्या चालीवर, खणखणीत.

"पांढरी चार, जनाब," मास्तर म्हणाले आणि अदबीनं आदाब केला.

अक्कांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या आपण होऊन म्हणाल्या, "ढोलकी!"

लिंबाखालून पहिली टाळी आली. मग हसणं आलं, आणि मग खुर्च्यांतली तरणी पोरं पण हसायला लागली, पण आता अप्पांना नाही. अध्यक्ष शाल हातात धरून उभे राहिले. अधिकारी म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या, गाणं होऊ द्या." शाल शेवटी पेटीवर ठेवली गेली.

मी छाती भरून घेतली आणि अप्पांच्या बोटाची वाट बघत राहिलो. पण ते वाजवेनात. त्यांनी माईक ओढून घेतला आणि रस्त्यापलीकडं बघून म्हणाले, "तिकडं कामून उभारलाव? खुर्च्या रिकाम्या हायत. इकडं येऊन बसा."

"असू द्या की अप्पा," अध्यक्ष हळूच म्हणाले. "त्यांना तिथं बरं वाटतंय. भोंगा हाय ना, येतोय की आवाज तिथवर."

"न्हाई येत," अप्पा म्हणाले. "मी ऐकलेलं हाय तिथनं. नुसते टाळ येतेत. शब्द येत न्हाईत."

माईक चालूच होता. ते सगळ्या गावानं ऐकलं.

कुणीच हललं नाही. मग अक्कांनी ढोलकीवर थाप मारली, नवऱ्यावर रागावल्यावर मारतात तसली, एकच. एक म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडून आली आणि मधल्या रांगेत बसली. पदर सारखा केला. मग एकेक करून सगळेच आले. दोघं चौघं पुढच्या रांगांतून उठून गेले, तेही सांगायला पाहिजे. त्यांच्या खुर्च्या पण भरल्या.

मग अप्पांनी काळी एक दाबली.

गाणं पूर्ण झालं. तिन्ही भाषांत, तिन्ही पट्ट्यांत, थांबत, सरकत, परत धरत. अंतऱ्यात मी घसरलो. शेवटच्या ओळीला, एवढा मोठा पार म्हणताना, आम्ही तिघं एकदम आपापल्या पट्टीत सुटलो, आणि त्यातच समोरची माणसं त्यांच्या त्यांच्या पट्टीत सुरू झाली. पोरं, बायका, म्हाताऱ्या! अधिकाऱ्यांनी कानावर हात नेला होता, पण फोटो निघतोय हे बघून खाली घेतला. असला भयानक गोंगाट मी आयुष्यात ऐकला नाही. अप्पांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी चाललं होतं. त्या पाण्याला त्यांचा व्हॉल्व नव्हता.

परतताना टेम्पोत आम्ही पेटीच्या भोवती बसलो होतो. पेटीवरच्या शालीत मास्तरांनी अक्कांची ढोलकी गुंडाळली होती. मला वाटत होतं, अप्पा काहीतरी म्हणतील, पाठीवर हात ठेवतील. हळ्ळीखेडचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते म्हणाले,

"काळी एक, अंतऱ्यात घसरलास."

"घसरू द्या," अक्का म्हणाल्या. "पारावर तर नीट उभारला ना?"

"ते व्हय," अप्पा म्हणाले. "पण घसरला."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत सा होताच. पांढरी दोन मफलर काढून दारात उभा होता. अप्पांनी त्याचा सा ऐकला आणि पाणी सोडलं. त्यानं आपण होऊनच महिन्याअखेर खोली सोडली.

माझी परत बदली झाली त्याला आता महिना होत आला. परवा ह्या नव्या शहरात खोली बघायला गेलो. मोठी खोली, पूर्वेला खिडकी, चोवीस तास पाणी. मालकांनी बसवलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा फुलला. "अरे, मग तर तुम्ही घरचेच! डिपॉझिट काय द्याल ते द्या. आम्ही कुणालाही देत नाही हो खोली." आतून चहा आला, बशी-कपात.

कळवतो म्हणून उठलो. रस्त्यावर येऊन अप्पांना फोन लावला.

"मिळाली का खोली?" त्यांनी विचारलं. मागं कुणाचा तरी नवा सा चालला होता, माझ्यापेक्षा बरा.

"बघितली अप्पा. मोठी हाय. पाणी चोवीस तास हाय."

"मंग घे की. कामून थांबलास?"

"पट्टी बसंना, अप्पा."